ब्लॅककरंटची चार झुडपे, पाच उन्हाळे : टपालाने मागवलेल्या रोपांचा लेखाजोखा

ब्लॅककरंट या नावाशी माझी पहिली ओळख नाशिकच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात झाली आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे ते फळ प्रत्यक्षात कसे दिसते हे मला ठाऊक नव्हते. आपल्याकडे सुक्या मेव्याच्या दुकानात ‘ब्लॅक करंट’ म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा काळे मनुके, म्हणजे द्राक्षेच असतात. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीला हे वेगळे सांगावे लागत नाही. गंमत अशी की ‘करंट’ हा शब्दही मुळात द्राक्षांचाच. ग्रीसमधल्या कोरिंथ गावाच्या नावाने युरोपभर जाणाऱ्या बारीक मनुकांना तो मिळाला आणि दिसायला साधारण तसेच असलेल्या या उत्तरेकडच्या झुडपाच्या फळांना पुढे चिकटला. द्राक्षाशी या झुडपाचे काहीही नाते नाही. तरीही हा अभिप्राय लिहिताना मला घड, मणी, काडी, डोळा (काडीवरचा कोंब), भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) हेच बागेतले शब्द सुचत गेले आणि ते इथे चपखल बसतात असे आढळले, म्हणून तसेच ठेवले आहेत.

गेली नऊ वर्षे आम्ही स्कॉटलंडच्या ॲबरडीनशायरमध्ये, डी नदीच्या खोऱ्यात, बँकरी गावाच्या वरच्या अंगाला राहतो. याच खोऱ्यात आणखी वर ब्रेमार आहे, जिथे 1895 आणि 1982 अशा दोन वेळा उणे 27.2 अंश सेल्सिअस हे ब्रिटनमधले नीचांकी तापमान नोंदले गेले. आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही, पण हिवाळ्यात पारा उणे दहापर्यंत उतरला तर कोणाला त्याचे आश्चर्य वाटत नाही. घरामागची बाग वीस-बावीस मीटर लांब असून ती उताराची आहे. वरच्या टोकाला घर आणि खालच्या टोकाला दाट कुंपण. हा उतार पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

2020 च्या नोव्हेंबरमध्ये मी टपालाने रोपे पाठवणाऱ्या एका रोपवाटिकेकडून चार झुडपे मागवली : बेन कोनान जातीची दोन, बेन सारेकचे एक आणि बेन होपचे एक. एका रोपाला 13 पौंड पडले आणि पोचवण्याचे 7 पौंड वेगळे. ही रोपे उघड्या मुळांची होती, म्हणजे कुंडीत किंवा पिशवीत वाढवलेली नसून शेतात वाढवलेली आणि झाड झोपेत असताना उपटून, मुळांची माती झटकून पाठवलेली. नोव्हेंबर ते मार्च या काळातच ती मिळतात. कुंडीतले रोप वर्षभर मिळते आणि ते घेताना जिवाला बरे वाटते, कारण हिरवे पान दिसते. पण त्याला पैसे जास्त पडतात, मुळे अनेकदा कुंडीच्या आकारात गोल गुंडाळलेली असतात, आणि दोन-तीन वर्षांनी झुडूप म्हणून उघड्या मुळांच्या रोपापेक्षा ते सरस ठरते असे मला शेजारच्या बागांमध्येही दिसले नाही. चार वाळक्या काटक्यांसाठी एवढे पैसे मोजताना मन धजावत नाही, हे मात्र खरे.

खोके उघडले तेव्हा बांधणीवर मी खूश झाले. मुळांभोवती ओला गवताचा पेंढा, त्यावर प्लॅस्टिकची घट्ट पिशवी, प्रत्येक रोपाला वेगळी चिठ्ठी. मुळे ओलसर, तंतुमय आणि तपकिरी होती; कुठे काळपट सडका भाग नव्हता. दोन्ही कोनानना पाच-पाच काड्या होत्या, होपला चार. सारेकला मात्र तीनच काड्या होत्या, आणि त्यांपैकी दोन काड्यांवर चार-पाच डोळे असे फुगलेले होते की ते डोळे नसून वाटाणे वाटावेत. निरोगी ब्लॅककरंटचा हिवाळी डोळा निमुळता, टोकदार असतो. तो गोल आणि फुगीर दिसला की आत डोळ्यांनी न दिसणारे कोळी शेकड्यांनी बसले आहेत असे समजावे. हे कोळी वसंतात बाहेर पडून दुसऱ्या डोळ्यांत शिरतात आणि जाताना एक विषाणूही पसरवतात, ज्याने झुडपाची पाने बदलतात, माल वर्षागणिक कमी होत जातो आणि शेवटी झुडूप नुसते पाल्याचे राहते. त्यावर औषध नाही; झुडूप मुळासकट उपटून जाळणे एवढाच उपाय आहे.

मी त्याच संध्याकाळी छायाचित्रांसह पत्र पाठवले. पहिले उत्तर आठ दिवसांनी आले आणि त्यात ‘डोळे फुगणे हे रोप जोमदार असल्याचे लक्षण असू शकते’ असे लिहिले होते, जे वाचून मला हसावे की रडावे कळेना. दुसऱ्या पत्रानंतर त्यांनी चूक मान्य केली आणि बदली रोप पाठवायचे कबूल केले, वेगळे पैसे न घेता. ते रोप आले मार्चच्या मध्यावर, म्हणजे डोळे उमलायला लागल्यावर. उघड्या मुळांचे रोप त्या वेळी लावले तर जगते, पण पहिल्या वर्षी रखडते, आणि तसेच झाले. रोपवाटिकेच्या नावाचा उल्लेख मी मुद्दाम टाळते आहे. एका खराब रोपाने चार चांगल्या रोपांचे श्रेय पुसून टाकू नये. ज्यांना मागवायची असतील त्यांनी मात्र एवढे करावे : शासकीय तपासणीतून गेलेली प्रमाणित रोपे आहेत का हे आधी विचारावे, आणि खोके आल्याबरोबर एकेक डोळा पाहावा, मग भले बाहेर अंधार असला तरी.

खोक्यात एक घडीपत्रक होते, आणि या सगळ्या खरेदीत सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारले तर मी त्या कागदाकडे बोट दाखवीन. त्यात दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या. पहिली अशी की रोप शेतात जेवढे खोल होते त्याहून पाच-सहा सेंटिमीटर अधिक खोल लावावे, कारण ब्लॅककरंटला एका खोडाचे झाड करायचे नसते. जमिनीखालच्या डोळ्यांतून दरवर्षी नव्या काड्या याव्यात आणि झुडूप बुंध्यातूनच पसरावे, हीच अपेक्षा असते. दुसरी अशी की लावल्यावर सगळ्या काड्या जमिनीलगत एक-दोन डोळे राखून छाटाव्यात. सगळ्या म्हणजे सगळ्या. तेरा पौंड देऊन घेतलेल्या रोपाचे जमिनीवर बोटभर खुंट उरवावेत, असा त्याचा अर्थ. कात्री हातात घेऊन मी बराच वेळ तशीच उभी राहिले आणि शेवटी नानांना, म्हणजे वडिलांना, फोनवर दृश्य दाखवले.

नानांनी चष्मा वर सरकवून पाहिले आणि म्हणाले, “अगं, ही तर आपली खरड छाटणी. आपण एप्रिलात करतो, तुमच्याकडं हिवाळ्यात. घाबरतेस काय, काडी तयार व्हायला नको का?”

नाशिककडे द्राक्षाची वर्षाला दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ज्यातून पुढच्या मालासाठी काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यानंतर घड येतात. ब्लॅककरंटला निसर्गाने एकच हिवाळा दिला असल्यामुळे ती दोन्ही कामे एकात उरकतात, पण तत्त्व तेच आहे. माल येतो तो मुख्यतः मागच्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर. पहिल्या वर्षी छाटून टाकले की त्या वर्षी फळ नाही, पण मुळांची सगळी ताकद नव्या काड्यांकडे जाते. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी त्याच सुमारास घेतलेले कुंडीतले झुडूप न छाटता लावले. त्यांना पहिल्याच जुलैत मूठभर फळे मिळाली आणि मला मिळाली नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या झुडपाला तीन जुनाट फांद्या होत्या, माझ्या कोनानला अकरा काड्या.

जातींच्या नावांतला ‘बेन’ हा गेलिक भाषेतला डोंगर. या जाती डंडीजवळच्या इनव्हरगाउरी इथल्या पीक संशोधन संस्थेत पैदा झाल्या. 2011 मध्ये तिचे दुसऱ्या एका संस्थेशी विलीनीकरण होऊन तिला जेम्स हटन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. बेन लोमंड ही या मालिकेतली 1975 मधली जात. त्याआधीच्या जातींचा मोहर लवकर येई आणि वसंतातल्या हिमाने जळून जाई. उशिरा फुलणाऱ्या किंवा हिमाला अधिक सोसणाऱ्या जाती हव्यात, या गरजेतून हे काम उभे राहिले. घरगुती बागवानांची सोय हा त्यामागचा हेतू नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. ब्रिटनमध्ये पिकणाऱ्या ब्लॅककरंटचा फार मोठा भाग रिबेना या एकाच सरबतासाठी जातो. ब्रिस्टलच्या एका कंपनीने 1938 मध्ये बाजारात आणलेले हे सरबत दुसऱ्या महायुद्धात, संत्र्यांची आयात बंद पडली तेव्हा, सरकारने लहान मुलांना क जीवनसत्त्वासाठी फुकट वाटले. शंभर ग्रॅम ताज्या ब्लॅककरंटमध्ये साधारण 180 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या तिप्पट; इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात या फळाबद्दल अजूनही औषधासारखा आदर असतो तो त्यामुळे.

आता थंडीचा मुद्दा, कारण प्रश्न नेहमी तोच येतो : एवढ्या थंडीत झाड जगते का? झाडाला थंडी सोसते एवढेच नाही, ती त्याला लागते. हिवाळ्यात पुष्कळ आठवडे पारा सात अंशांच्या खाली राहिला नाही तर वसंतात डोळे एकसारखे फुटत नाहीत, मोहर मागेपुढे येतो आणि माल घटतो. ऊबदार हिवाळे वाढत चालल्यामुळे इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बागायतदारांना हीच चिंता लागली आहे. नाना अधूनमधून म्हणतात, “येताना एखादी काडी घेऊन ये, लावून बघू.” त्यांना मी दोन कारणे सांगते. एक म्हणजे परवानगीशिवाय परदेशातून रोप किंवा काडी भारतात आणता येत नाही. दुसरे म्हणजे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा तीन-चार अंशांवर आला की वर्तमानपत्रांत बातमी येते आणि निफाडचे लोक बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. पण त्या थंडीच्या चार रात्री ब्लॅककरंटच्या लेखी दुपारची डुलकी आहे, झोप नव्हे.

खरा शत्रू जानेवारीचा नसून मे महिन्यातला. झुडूप एप्रिलच्या अखेरीस फुलते, मोहर फिकट हिरवट-गुलाबी आणि इतका साधा असतो की पाहुण्यांच्या तो लक्षातही येत नाही, आणि नेमक्या त्या दिवसांत आमच्या खोऱ्यात निरभ्र रात्री हिम पडते. उमललेल्या फुलाला शून्याखालचे एक-दोन अंशही पुरे होतात. लगेच काही दिसत नाही. आठवड्याभराने घडावरचे कोवळे मणी पिवळे पडून गळतात आणि घडाचा नुसता दांडा उरतो. मणीगळ पाहिलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचे वाटेल.

मी जाती निवडायला दोन संध्याकाळी खर्च केल्या होत्या आणि जागा निवडायला दहा मिनिटे. एक कोनान उताराच्या वरच्या बाजूला, घराच्या भिंतीपासून चार मीटरवर लावले, आणि दुसरे खाली कुंपणाच्या आडोशाला, तिथे वारा लागणार नाही म्हणून. तिसऱ्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा थर दिसला म्हणून मी चपलांवरच बागेत धावले. वरच्या झुडपाजवळ गवत ओले होते. बागेच्या मध्यावर ते पांढुरके दिसू लागले आणि खाली कुंपणापाशी पायाखाली चक्क कुरकुर वाजत होते. कोनानच्या पानांच्या कडांवर साखर भुरभुरल्यासारखे दाणे होते आणि फुलांचे घड बोटाला काचेसारखे कडक लागले. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि अडथळा आला की तिथे तुंबते. मी ज्याला आडोसा समजले होते तो बांध होता. त्या वर्षी वरच्या कोनानने 3 किलो 100 ग्रॅम फळ दिले आणि खालच्याने 650 ग्रॅम. जात तीच, रोपवाटिका तीच, लावण्याचा दिवसही तोच. पत्रकात याबद्दल अवाक्षर नव्हते, आणि रोपवाटिकेविरुद्ध माझी दुसरी तक्रार हीच आहे. पाठीमागे जातीच्या जाहिरातीसाठी जी अर्धी पान जागा दिली होती तिथे हे चार ओळींत बसले असते.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये खालचे झुडूप मी पूर्ण छाटून, मुळांचा मोठा गड्डा राखून वर हलवले. ब्लॅककरंट हे सोसते. त्यासाठी एक वर्षाचा माल मात्र सोडावा लागतो. आता हवामानाच्या अंदाजात मेमधली निरभ्र रात्र दिसली की तिन्हीसांजेला चारही झुडपांवर पांढरे हलके कापड टाकते, आपल्याकडे खरबुजावर जे क्रॉप कव्हर म्हणून घालतात तेच. सकाळी आठवणीने ते काढावे लागते, कारण एका झुडपाचे परागीकरण त्याच्याच फुलांवर होत असले तरी ते करायला भुंगे आणि मधमाश्या आत जाव्या लागतात. एकदा मी कापड काढायला विसरून कामाला गेले, आणि संध्याकाळी आत अडकलेले तीन केसाळ भुंगे फार रागावलेले होते.

जातींविषयी माझे मत असे. बेन कोनान ही घरगुती बागेसाठी मी पाहिलेली सर्वांत समजूतदार जात आहे. झुडूप छातीएवढे राहते, मणी टपोरे असतात, भुरी अजून एकदाही दिसलेली नाही, आणि आमच्याकडे जुलैच्या अखेरीस घड तयार होतात. दक्षिणेकडे ते पंधरा दिवस आधी होत असतील. बेन होप उंच वाढते, माझ्याहून उंच झाले आहे, आणि त्याच्या काड्या भक्कम असतात. मणी लहान आणि आंबट, तसेच खाल्ले तर डोळा मिटतो. पण सरबताला रंग आणि वास याचाच चांगला येतो. फुगीर डोळ्यांच्या त्या कोळ्याला ही जात दाद देत नाही, आणि सारेकच्या अनुभवानंतर तेवढ्यासाठीही ती जवळ असावी असे मला वाटते. आमच्याकडे ती ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते, त्यामुळे सगळी तोडणी एकाच शनिवारी अंगावर पडत नाही.

बेन सारेकबद्दल मी तितकीशी उदार नाही, आणि त्यात त्या उशिरा आलेल्या बदली रोपाचा राग किती हे मला सांगता येणार नाही. झुडूप ठेंगणे, कमरेच्या जरा वर. लहान बागेसाठी हीच जात सुचवतात आणि माल खरोखरच अंगापेक्षा जास्त देते. पण त्याच ओझ्याने काड्या जमिनीवर लोळतात. मागच्या वर्षी एका पावसानंतर अर्धे घड चिखलात होते आणि उरलेले गोगलगाईंनी पाहून ठेवले होते. चार खुंट्या रोवून भोवती सुतळी बांधली की भागते, पण ज्याची शिफारस ‘कमी कटकटीची’ म्हणून केली जाते त्याला दरवर्षी मांडव घालावा लागणे मला पटत नाही. चवीला मात्र कोनानच्या बरोबरीची.

निगा फारशी नाही. जी आहे ती टाळता येत नाही. हे झुडूप खादाड आहे, विशेषतः नत्राच्या बाबतीत. जवळच्या तबेल्यातून कुजलेली घोड्याची लीद पोत्याने मिळते, ती दर मार्चमध्ये बुंध्याभोवती चार बोटे जाड पसरते आणि वर्षभराचे आच्छादनही त्यातच होते. जमीन थोडी जड आणि ओलसर असली तरी याची तक्रार नसते. रेताड, कोरडी जमीन मात्र त्याला मानवत नाही. चौथ्या हिवाळ्यापासून दरवर्षी सगळ्यांत जुन्या काड्यांपैकी साधारण एक तृतीयांश अगदी बुंध्यातून काढाव्या लागतात. कोणती काडी जुनी हे ओळखायला सोपे आहे : या वर्षीची काडी फिकट बदामी, मागची करडी आणि त्याहून जुनी जवळजवळ काळी. काळी दिसली की काढायची. छाटताना हाताला जो वास लागतो त्याविषयी कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. डोळे आणि साल चुरडली की प्रथम फळाचाच दाट वास येतो आणि त्यामागून, क्षमा असावी, बोक्याने कोपरा ओला केल्यासारखा. शेजारच्या मांजरावर मी पहिल्या हिवाळ्यात उगाच आळ घेतला होता.

पक्षी मात्र आळ घेण्यासारखे नाहीत, ते रंगेहाथ सापडतात. फळ काळे झाले म्हणजे पिकले असे नव्हे. काळे झाल्यावर आठवडाभर झाडावर राहिले तर त्यात गोडी भरते, आणि नेमक्या त्या आठवड्यात काळे कस्तुर पक्षी झुडूप साफ करतात. जाळी लागतेच, आणि ती झुडपाला टेकणार नाही अशी चौकटीवर ताणून लावावी लागते, नाहीतर पक्षी बाहेर बसून आतले टिपतात किंवा पाय अडकून जखमी होतात. चार झुडपांची चौकट आणि जाळी यांना मला 60 पौंड लागले, म्हणजे रोपांपेक्षा जास्त. खर्च मांडताना लोक हा आकडा विसरतात.

या नव्या जातींचा एक मोठा गुण असा की एका घडातले मणी जवळजवळ एकदम पिकतात, त्यामुळे मणी मणी न वेचता अख्खा घड खुडता येतो. घरी आणल्यावर घड तसेच ताटात पसरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. दगडासारखे झाले की डब्यात घालून जोरात हलवावे, देठ आपोआप सुटतात. जॅम करायचा असेल तर फळ आधी थोड्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवावे आणि मगच साखर घालावी. मी पहिल्या वर्षी मुरांब्याच्या सवयीने दोन्ही एकदम चढवले आणि साली चामड्यासारख्या चिवट झाल्या. साखर पडल्यावर साल पुन्हा मऊ होत नाही. पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, भरपूर असल्यामुळे जॅम मात्र हटकून आळतो. गाळलेल्या गरात चक्का फेटून केलेले श्रीखंड आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याने दुसऱ्यांदा मागितले आहे, आणि होपच्या रसात पादेलोण, जिरेपूड व गार पाणी घातले तर कोकमाची आठवण पुरती भागत नसली तरी अर्धी भागते. कच्ची फळे वाटीत घेऊन खायची असतील तर करवंदाची सवय कामी येते.

आता हिशेब. या पाचव्या उन्हाळ्यात चार झुडपांनी मिळून 11 किलो 400 ग्रॅम दिले : वरच्या कोनानने 4 किलो 200, हलवलेल्याने 2 किलो 100, होपने 3 किलो 300 आणि सारेकने 1 किलो 800. चांगल्या जागेवरचे जाणते झुडूप साडेचार किलोपर्यंत देते, आणि नीट छाटत राहिले तर दहा-पंधरा वर्षे देत राहते, तेव्हा वरच्या कोनानकडून यापुढे फार अपेक्षा करणे बरे नाही. रोपवाटिकेला मी पाचपैकी तीन गुण देते. बांधणी आणि पत्रकाचे पूर्ण, एका रोगट रोपाचे आणि त्या पहिल्या उत्तराचे वजा. बेन कोनानला साडेचार, बेन होपला चार, बेन सारेकला तीन. जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथल्या मंडळींनी या फंदात पडू नये, आणि ज्यांच्याकडे बाग भाड्याची आहे त्यांनीही, कारण पहिले दोन उन्हाळे हाती फारसे काही लागत नाही. चौघांच्या कुटुंबाला दोन झुडपे पुरतात. मी चार लावली ती हावरेपणाने, आणि त्याची साक्ष म्हणून बर्फाच्या कपाटाचा एक खण अजून मागच्या वर्षीच्या डब्यांनी भरलेला आहे.

कुंपणाजवळच्या त्या खालच्या जागेत आता रुबार्ब, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात ते मोठ्या पानांचे झाड, लावला आहे. मे महिन्यातल्या हिमाने त्याची चार पाने लोळतात आणि आठवड्यात नवी येतात.